सुरक्षा बोटीसाठी निधी : काय करावे, काय टाळावे

ऑप्टिमिस्ट ही मुलांची शिडाची होडी. लांबी जेमतेम २.३ मीटर, वजन ३५ किलो, एक शीड, एक सुकाणू आणि आत एकटे मूल, पंधरा वर्षांपर्यंतचे. मुंबईच्या बंदरात, गोव्यात, कोकणातल्या काही खाड्यांत आणि घाटावरच्या जलाशयांवर मुले या होड्यांवर वारा ओळखायला शिकतात. होडी उलटणे आणि ती आपली आपण सरळ करणे हा त्या शिक्षणाचाच भाग आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण तीच होडी तिसऱ्यांदा उलटली, मूल दमले, हात थरथरायला लागले की त्याच्यापर्यंत दोन-तीन मिनिटांत पोचणारे कोणीतरी पाण्यातच असावे लागते. किनाऱ्यावरून शिटी वाजवणारा प्रशिक्षक तिथे कामाचा नाही. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, आणि दमलेले मूल त्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यापासून लांब लांब जाते.

त्यासाठी इंजिनाची सुरक्षा बोट. बहुतेक गटांकडे होड्या असतात, कोणी ना कोणी दिलेल्या. अडते ते सुरक्षा बोटीपाशी. शिडाच्या होडीला पैसे देणाऱ्याला शर्यत दिसते, पदक दिसते, फोटो मिळतो. सुरक्षा बोट मात्र चांगल्या दिवशी नुसती तरंगत असते. तिच्यासाठी पैसे मागणे म्हणूनच अवघड जाते, आणि ते नीट विचार करून मागावे लागतात. पुढच्या सूचना अशा गटांच्या पालकांसाठी, प्रशिक्षकांसाठी आणि विश्वस्तांसाठी.

काय करावे

बोट येईपर्यंतची व्यवस्था आधी लावावी. निधीचे पहिले पत्रक छापण्यापूर्वी हे काम. ओळखीच्या मच्छीमाराची इंजिनाची होडी सरावाच्या दिवसांपुरती भाड्याने घ्यावी, तांडेलासोबत आपला एक पोहणारा माणूस बसवावा, आणि एका वेळी पाण्यात सोडायच्या होड्यांची संख्या कमी करावी. ब्रिटनमधल्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या प्रशिक्षण केंद्रांसाठी साधारण हिशेब असा असतो : सहा होड्यांपर्यंत एक सुरक्षा बोट, पंधरापर्यंत दोन, त्यापुढे तीन. आपल्याकडे एकच भाड्याची होडी असेल तर सहाच मुले पाण्यात, बाकीची किनाऱ्यावर गाठी मारायला बसतील. हे पालकांना पटवून द्यावे लागते, पण द्यावे. ‘बोट नाही म्हणून आम्ही मुलांना तसेच सोडतो, मदत करा’ असे सांगणाऱ्या गटाला मी एक रुपया देणार नाही, आणि कोणी देऊही नये. ‘बोट नाही म्हणून निम्मी मुले किनाऱ्यावर बसतात’ हे मात्र खरे, सरळ आणि देणाऱ्याला लगेच समजणारे मागणे आहे.

कोणती बोट हवी हे नेमके ठरवावे. ‘मुलांसाठी एक बोट’ या मागणीला नेमके उत्तर मिळत नाही. कोणीतरी आपल्या मनाने काहीतरी देऊ करतो आणि ते नाकारता येत नाही. शिडाच्या होड्यांमागे फिरण्यासाठी जगभर वापरतात ती ‘रिब’, म्हणजे तळ घट्ट फायबरचा आणि कडेने हवा भरलेले नळकांडे. कड मऊ असल्याने उलटलेल्या होडीला अगदी चिकटून उभे राहता येते, मुलाचे डोके आपटत नाही. कड पाण्यालगत असल्याने मुलाला दोन्ही काखांत धरून आत ओढता येते. मासेमारीची होडी कितीही भक्कम असली तरी तिची कड उंच आणि टणक असते, भिजलेले मूल तिच्यात चढवताना दोघा माणसांचा दम निघतो. सहा ऑप्टिमिस्टमागे साडेचार-पाच मीटरची एक रिब आणि ३० ते ४० अश्वशक्तीचे मागे लावायचे इंजिन पुरेसे होते.

नळकांड्यांचे कापड कोणते हेही ठरवून मागावे. पीव्हीसी स्वस्त पडते, पण आपल्या उन्हात ते लवकर चिकट होते आणि सांधे सुटू लागतात. हायपालॉन महाग, पण टिकते. इंजिन निवडताना आपल्याच बंदरातल्या मिस्त्रीला विचारावे की त्याचा हात कोणत्या इंजिनावर बसला आहे आणि कोणाचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. कागदावर सर्वांत चांगले असलेले इंजिन एका सीलसाठी महिनाभर बंद पडून राहणार असेल तर ते आपल्या कामाचे नाही. पंख्याभोवती संरक्षक कडे लावून घ्यावे, कारण ही बोट पोहणाऱ्या मुलांच्या जवळ जाणार आहे.

तीन ठिकाणचे लेखी दर घ्यावेत, जीएसटीसकट आणि वाहतुकीसकट. परदेशी बोटच हवी असे काही नाही. जगप्रदक्षिणा केलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या दोन्ही शिडाच्या नौका गोव्यात बांधल्या गेल्या आहेत, आणि फायबरचे चांगले काम करणारे कारागीर आपल्या किनाऱ्यावर आहेत.

किंमत नव्हे, पूर्ण खर्च मांडावा. सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. बोट आणि इंजिन हा खर्चाचा फक्त पहिला भाग. त्यावर ट्रॉली, ताडपत्रीचे आच्छादन, मरीन व्हीएचएफ रेडिओ संच, नांगर आणि दोर, ओढून आणण्याचा दोर, वल्ही, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, गरम पांघरुणे, सुरी, फेकण्याची दोरी, बोटीवरच्या माणसांची जॅकेटे. मग नोंदणी आणि विमा. मग पेट्रोल, इंजिनाचे तेल, गोड्या पाण्याने इंजिन धुण्याची सोय, आणि दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंग. आणि चालक. चालकाशिवाय बोट म्हणजे किनाऱ्यावर ठेवलेली वस्तू. त्याचे प्रशिक्षण आणि मानधन पहिल्याच कागदावर दिसले पाहिजे.

समजा बोट, इंजिन आणि ट्रॉली मिळून ९ लाख, साधने दीड लाख, आणि चालवण्याचा खर्च वर्षाला दीड लाख. तर मागणी ९ लाखांची नाही. तीन वर्षांच्या चालू खर्चासह ती १५ लाखांची आहे. हे आकडे फक्त उदाहरणाचे, तुमचे दरपत्रकांवरून येतील. पण दोन्ही रकमांतला फरक लक्षात घ्यावा. देणगीतून बोट आली, फुले वाहून झाली, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून ती आच्छादनाखाली पडून आहे, असे होऊ द्यायचे नसेल तर १५ लाखच मागावेत. मोठा आकडा पाहून देणारा दचकत नाही. अपुरा आकडा पाहून अनुभवी देणारा मात्र सावध होतो.

मागणीचे लहान तुकडे करावेत. किनाऱ्यावर गटाची खोली असेल तिथे एक साधा फळा लावावा. त्यावर वस्तूंची नावे आणि किमती लिहाव्यात, सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरुवात करून. पहिली ओळ किल कॉर्डची असावी : ही लाल दोरी चालकाच्या पायाला किंवा मनगटाला अडकवलेली असते, चालक तोल जाऊन पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडते. तिची किंमत कोणत्याही पालकाच्या आवाक्यातली असते, आणि ‘हिच्याशिवाय आमची बोट सुरूच होणार नाही’ असे सांगितले की दोरी हातात घेऊन पाहणारा माणूस पाकिटात हात घालतोच. मग एका दिवसाचे पेट्रोल, मग ओढण्याचा दोर, मग एक जॅकेट, मग व्हीएचएफ संच, आणि सगळ्यात खाली इंजिन. जी वस्तू आली तिच्यासमोर तारीख लिहावी. फूल ना फुलाची पाकळी देऊ इच्छिणाऱ्याला आपली पाकळी फळ्यावर दिसली पाहिजे.

आधी घरातून सुरुवात करावी. बाहेरच्या कोणाकडे जाण्यापूर्वी विश्वस्तांनी आणि पालकांनी आपापले आकडे लिहावेत. ऐपतीप्रमाणे, पण प्रत्येकाने. ‘पालकांनी किती दिले?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला जातो.

किनाऱ्यावरच्या माणसांकडे पैशाआधी सल्ला मागावा. मच्छीमार सहकारी सोसायटी, बर्फाचा कारखाना, होमस्टेवाले, डायव्हिंगवाले, पेट्रोल पंप. यांतले काही रोख देतील, काही देणार नाहीत, पण बोट कुठे लावायची, सुकतीला धक्क्यावर पाणी किती राहते, उधाणात ती कुठे ओढून ठेवायची, इंजिन कोणाकडे दुरुस्त करायचे हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नसते. सोसायटीने मोफत जागा दिली तर ती वर्षानुवर्षांची देणगी आहे. तिची नोंद जमाखर्चाच्या कागदावर ठळकपणे करावी.

रोटरी, लायन्ससारख्या क्लबांकडे वेळ पाहून जावे. त्यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अध्यक्षही तेव्हाच बदलतात. मावळत्या अध्यक्षाकडे मे महिन्यात पैसे उरलेले नसतात. येणारा अध्यक्ष मात्र एप्रिल-मेमध्ये आपल्या वर्षाचे उपक्रम शोधत असतो, त्याला तेव्हाच भेटावे. भेटीत ऑप्टिमिस्टची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी ही होडी आखली. मेजर क्लिफर्ड मॅके यांना गावातल्या मुलांसाठी ५० डॉलरच्या आत बांधता येईल अशी होडी हवी होती, आणि तिला नाव मिळाले ते तिथल्या ऑप्टिमिस्ट क्लब या सेवाभावी संस्थेचे. म्हणजे आज जगभर मुले चालवतात ती होडी एका गावातल्या क्लबाच्या पुढाकारातून उभी राहिली. आपल्या गावातल्या क्लबाला हे सांगताना लाजायचे कारण नाही.

कंपन्यांच्या सीएसआरसाठी कागद आधी तयार ठेवावेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कोणत्या कामावर, हे कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिले आहे. त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. सेलिंग १९०० पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि टोकियोत नेत्रा कुमनन ही ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय महिला सेलर ठरली. तेव्हा अर्जात ‘आम्हाला बोट द्या’ असे लिहू नये. ‘ऑलिंपिक खेळाचे प्रशिक्षण, आणि त्यासाठी अनिवार्य सुरक्षा साधन’ असे लिहावे. ते खरेही आहे आणि कंपनीच्या समितीला मंजूर करायला सोपेही.

दोन अटी मात्र डोळ्यात तेल घालून पाहाव्यात. पहिली, सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि त्यासाठी आयकराची १२ए व ८०जी ही नोंदणी तसेच साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. नवा गट असेल तर त्याने अशी नोंदणी असलेल्या जुन्या क्रीडासंस्थेबरोबर लेखी करार करून तिच्यामार्फत अर्ज करावा. दुसरी, सीएसआरमधून घेतलेली भांडवली वस्तू कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थी गटाच्या किंवा शासकीय प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. बोट म्हणजे भांडवली वस्तूच. ती कोणाच्या नावावर नोंदणार, विमा कोण उतरवणार, संस्था बंद पडली तर ती कोणाकडे जाणार हे अर्जातच लिहून टाकावे. समितीतला जाणकार माणूस हाच प्रश्न पहिला विचारतो. आणि अर्ज मार्चच्या धावपळीत नको, वर्षाच्या पहिल्या तिमाहीत द्यावा.

दाखवावे, नुसते सांगू नये. देणाऱ्यांना एका सकाळी किनाऱ्यावर बोलवावे. भाषणे नकोत. शांत पाण्यात, बाजूला भाड्याची होडी उभी ठेवून, सवयीच्या एका मुलाने किंवा मुलीने आपली ऑप्टिमिस्ट मुद्दाम उलटवावी. ती पोहत तळाकडे जाते, खालून बाहेर आलेल्या फळीवर दोन्ही पाय देऊन उभी राहते, कड धरून मागे झुकते, आणि ओले शीड पाण्यातून सुटते तसा फडकन आवाज होतो. होडी सरळ होते, पण काठोकाठ भरलेली. मग ती आत चढते आणि दोरीने बांधलेल्या प्लास्टिकच्या अर्ध्या कापलेल्या कॅनने पाणी उपसू लागते. उपसणे संपता संपत नाही. पाहणाऱ्यांच्या हातातला चहा तोवर तसाच राहतो. त्यानंतर प्रशिक्षकाने एवढेच सांगावे, ‘हेच वारा वाढल्यावर, तिसऱ्यांदा.’ सुरक्षा बोट कशासाठी हे वेगळे समजवावे लागत नाही.

प्रत्येक पैशाला क्रमांकाची पावती द्यावी आणि हिशेब महिन्याच्या महिन्याला लावावा. जमा, खर्च, शिल्लक, तीन ओळी पुरतात. बँक खाते संस्थेच्या नावे, सही दोघांची. पैसे एका वर्षात पुरे होणार नसतील तर आधीच सीएंशी बोलावे, कारण सार्वजनिक न्यासाला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी खर्च दाखवावे लागतात, आणि ठरावीक हेतूसाठी साठवायचे तर तसा अर्ज मुदतीत भरावा लागतो. ध्येय गाठता आले नाही तर पैशाचे काय, हेही पत्रकावर एका वाक्यात छापावे : परत देणार, की जॅकेटे आणि भाड्याच्या होडीवर खर्च करणार.

काय टाळावे

भीती विकू नये. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्यानंतर जॅकेटांविषयी सगळीकडे बोलले गेले, आणि बोलायलाच हवे होते. पण त्या दिवसाची छायाचित्रे आपल्या देणगीच्या पत्रकावर लावणे योग्य नाही. मेलेल्यांच्या घरच्यांचे दुःख हे आपल्या निधीचे साधन नव्हे. शिवाय भीतीने आलेला पैसा भीती ओसरताच थांबतो, आणि काही पालक घाबरून मूलच काढून घेतात. पाणी धोक्याचे आहे म्हणून नव्हे, तर मुलांनी निर्धास्तपणे पाण्यात उतरावे म्हणून बोट हवी आहे.

मुलांच्या हातात डबा देऊ नये. सिग्नलवर, बाजारात, दारोदार मुलांना वर्गणीला पाठवणे बंद. मुलांनी होडी चालवून दाखवावी, धन्यवादाचे पत्र लिहावे, एवढे पुरे. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही छापू नयेत, आणि छापताना नाव, शाळा, सरावाची वेळ व जागा एकत्र देऊ नये.

कोणाच्याही खासगी खात्याचा क्यूआर कोड वापरू नये. प्रशिक्षक कितीही सज्जन असो. आणि गटाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीच नसेल तर लोकांकडून वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच. ‘आमचा छोटा गट, आम्हाला कोण विचारतो’ असे म्हणू नये.

परदेशातल्या आप्तांकडून घाईने पैसे मागवू नयेत. इथे फसगत सगळ्यात जास्त होते. कोकणातल्या, गोव्यातल्या प्रत्येक गावाची माणसे आखातात, इंग्लंडात, अमेरिकेत आहेत आणि त्यांचा जीव गावाच्या किनाऱ्यात असतो. पण विदेशी अंशदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, माणूस कुठे राहतो ते पाहत नाही, नागरिकत्व पाहतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या दुबईतल्या भाच्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या काकांनी पाठवलेली रक्कम, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, ठरते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाने संस्था म्हणून दिलेली तर ठरतेच. अशा पैशांसाठी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. नोंदणी नसेल तर काकांना नम्रपणे ‘सध्या नको’ म्हणावे. ते आले की किनाऱ्यावर न्यावे, त्यांच्याकडून इथल्या ओळखी घ्याव्यात. एका चुकीच्या जमा रकमेमुळे संस्था चौकशीत अडकली तर मुलांचा मोसम जातो.

नसलेल्या करसवलतीचे आश्वासन देऊ नये. ८०जीची मान्यता हातात असेल तरच ते शब्द पत्रकावर यावेत. दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेला सवलत मिळत नाही. वस्तूरूपाने दिलेल्या देणगीलाही नाही, म्हणजे कोणी आपले जुने इंजिन दिले तर त्याला पावती मिळेल, सवलत मिळणार नाही. आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा क्रमांक छापण्याआधी सीएंकडून तपासून घ्यावा. आणि देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे वेळेत भरून त्यांना प्रमाणपत्र द्यायला चुकू नये. ते न मिळालेला देणगीदार पुन्हा दारात उभे करत नाही.

तंबाखू, गुटखा, दारू यांचे पैसे घेऊ नयेत. ‘पानमसाला वेगळा, आम्ही फक्त वेलची विकतो’ हे ऐकून घेऊ नये. मुलांच्या बोटीवर ते नाव नको.

फुकट मिळते म्हणून जुनी बोट घेऊ नये. घेण्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, इंजिन बसते त्या मागच्या फळीत पाणी मुरलेले नाही ना ते ठोकून पाहावे, नळकांडी रात्रभर फुगवून ठेवून सकाळी हवा किती उतरली ते पाहावे. मिस्त्रीने नको म्हटले तर देणाऱ्याचे आभार मानून नकार द्यावा, मग तो कितीही मोठा माणूस असो. जी बोट ऐन वेळी सुरू होत नाही, ती नसलेल्या बोटीपेक्षा धोक्याची, कारण तिच्या भरवशावर आपण जास्त मुले पाण्यात सोडतो.

देणगीच्या बदल्यात फेरफटका कबूल करू नये. ‘पाहुणे आले की एक चक्कर मारून आणा’ ही मागणी येणारच. पर्यटकांच्या फेऱ्या मारून पेट्रोल सुटेल असा हिशेबही कोणीतरी मांडेल. दोन्हींना नकार. प्रवासी वाहतुकीचे परवाने आणि विमा वेगळे असतात, आणि रविवारी, ज्या दिवशी मुले पाण्यात असतात त्याच दिवशी, पाहुणेही येतात. बोट मुलांसाठी मागितली असेल तर तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क निर्माण होऊ देऊ नये. देणाऱ्याला नाव हवे असेल तर ते बोटीच्या आतल्या बाजूला, मापात. बाहेरून बोट लांबून दिसेल अशा भगव्या किंवा लाल रंगाचीच राहावी.

नोंदणी नंतर पाहू म्हणू नये. महाराष्ट्रात सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, बोट विकत घेण्याआधी जाऊन कोणती कागदपत्रे लागतील ते लिहून आणावे. धरणावर सराव असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी.

उद्घाटनावर निधी उधळू नये. मांडव, शाली, जेवणावळ यांचा खर्च देणगीतून मुळीच नाही. नारळ फोडावा, बोट पाण्यात घालावी आणि त्याच सकाळी सराव घ्यावा. पहिल्या मोसमानंतर सगळ्या देणगीदारांना एक पानाचा अहवाल जावा : बोट किती दिवस पाण्यात होती, किती मुलांना मदत लागली, इंजिनावर काय खर्च झाला, शिल्लक किती.

पावसाळ्यात, म्हणजे १ जूनपासून मासेमारी बंद असताना, किनारा रिकामा असतो आणि माणसे घरी भेटतात. दरपत्रके, नोंदणीचे कागद आणि भेटीगाठी याच दिवसांत उरकाव्यात, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होईपर्यंत बोट हाताशी असेल. तुमच्या गावात मुलांचा सेलिंगचा गट असेल तर या आठवड्यात एकदा सरावाला जा, पाण्यात किती होड्या आहेत आणि त्यांच्या मागे कोण आहे ते बघा. मागे कोणी नसेल तर प्रशिक्षकांशी बोला, आणि बोट येईपर्यंतच्या भाड्यातला पहिला दिवस तुम्ही द्या. फोनमध्ये दोन क्रमांकही नोंदवून ठेवा : तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.